पिरॅमिड एलियनने बांधले म्हणे, मग मुकादमाच्या रोजनिशीचं काय करायचं?

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. गिझाचा मोठा पिरॅमिड, 23 लाख दगड, एकेक 70 टनाचा, आजच्या क्रेनलाही झेपणार नाही, वीस वर्षांत बांधायचा तर दर दोन-तीन मिनिटाला एक दगड बसवावा लागेल, बांधल्याचा पुरावा शून्य, म्हणजे एकतर एलियन नाहीतर चाबकाखाली राबलेले गुलाम. बघू एकेक.

एकेक दगड 70 टनाचा? साफ खोटं. सरासरी अडीच टन धरतात. खरे अवजड म्हणजे राजाच्या दालनावरच्या ग्रॅनाइटच्या तुळया, त्या मोजक्याच आहेत आणि दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानहून नाईलमार्गे आल्या. बाकी बहुतेक चुनखडी गिझाच्याच खाणीतली, ती खाण आजही शेजारी दिसते.

पुरावा नाही म्हणे! 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) सापडले, ज्याच्यासाठी हा पिरॅमिड बांधला त्या खुफू राजाच्याच काळातले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, म्हणजे आज नाईलपलीकडच्या तुराच्या चुनखडीच्या खाणीवर दगड भरले, मुक्काम तिथेच, मग नावेतून गिझाला, उतरवले, परत तुराला. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. साइटवरच्या रजिस्टरइतकं रटाळ आहे हो ते, आणि खोटं रचणारा माणूस इतकं कंटाळवाणं कशाला लिहील?

चाकं नव्हती मग ओढले कसे? लाकडी घसरगाडीवरून. जेहुतीहोतेप नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात (हे पिरॅमिडनंतर बरंच उशिराचं, मान्य) माणसांच्या रांगा एक अजस्र पुतळा ओढतायत आणि पुढे एकजण जमिनीवर पाणी ओततोय. लोक त्याला पूजाविधी समजायचे, पण 2014 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की वाळू बेताची ओली असली की ओढायला जवळपास निम्माच जोर लागतो. जास्त भिजवली तर उलट जड जाते.

दर दोन-तीन मिनिटाला एक दगड, हा हिशोब मात्र बरोबर आहे. पण टोळ्या एकाच वेळी कितीतरी कामाला होत्या, आणि आकारच असा की जवळपास निम्मा माल तळच्या 30 मीटरमध्येच संपतो, वर जाल तसं काम कमी.

गुलामांचं म्हणाल तर पिरॅमिडजवळच कामगारांच्या कबरी आहेत, त्यांच्या वस्तीत बेकऱ्या आणि खाल्लेल्या गुरांची हाडं निघालीत, काहींच्या मोडलेल्या हाडांवर उपचार झालेले दिसतात. सगळे हौसेने आले असं नाही, वेठीसारखी पाळी असणारच. पण टोळ्यांनी दगडांवर स्वतःची नावं लिहून ठेवलीयत, त्यातली एक टोळी चक्क ‘मेनकौरेचे दारुडे’ (मेनकौरे म्हणजे गिझाच्याच तिसऱ्या, लहान पिरॅमिडचा राजा).