गांजा कायदेशीर करा, पण पुडीवाल्याच्या पोटावर पाय आणू नका

प्रौढांना गांजा ओढायची मुभा देणाऱ्या कायद्याचा मसुदा लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी आपला खरा वाचक ओळखा. खासदार मथळा वाचतील, पत्रकार पहिलं पान वाचतील, डॉक्टर आपापल्या विषयाचं कलम शोधतील. शेवटच्या परिशिष्टापर्यंत जीव ओतून वाचणारा माणूस एकच: गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पुडीवाला. त्याचा संसार त्यावर अवलंबून आहे. ना परवाना, ना कर, ना पावती, आणि रात्री दोन वाजता फोन केला तरी माल दारात. अशा सेवाभावी माणसाला एका सहीनं देशोधडीला लावणं तुमच्या मनाला पटणार नाही. काळजी नको. कायदा झाला असं दिसेल आणि पुडीवाल्याचं गिऱ्हाईकही तुटणार नाही, असे उपाय बऱ्याच देशांनी करून ठेवले आहेत. तुम्ही फक्त उतरवून घ्यायचे.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे बाळगायला आधी परवानगी द्यायची, मिळवायला नंतर. जमलं तर कधीच नाही. नेदरलँड्सनं हे कित्येक दशकं रेटून नेलं. तिथल्या कॉफीशॉपनं, म्हणजे गांजा विकणाऱ्या दुकानानं, पुढच्या दारातून गिऱ्हाइकाला पाच ग्रॅम विकले तर सरकार काणाडोळा करतं, दुकानात पाचशे ग्रॅमचा साठाही चालतो. पण तोच साठा मागच्या दारातून आत आणणं हा गुन्हा. कायदेशीर पुरवठ्याचा ‘प्रयोग’ सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला, तोही आधी दोनच शहरांत.

जर्मनीचं काम याहून नेटकं. सुरुवातीची योजना परवानाधारक दुकानांची होती. ती मागे पडली आणि राहिली घरची रोपं आणि सभासदांनी मिळून लागवड करायचे क्लब. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला खिशात पंचवीस ग्रॅम आणि घरी तीन रोपं चालू लागली. लागवडीचे क्लब मात्र १ जुलैपासून, तेही आधी अर्ज, मग मंजुरी, मग पेरणी. बी रुजल्यापासून वाळलेलं फूल हातात यायला साधारण चार महिने लागतात. मग १ एप्रिलच्या सकाळी खिशात असलेले पंचवीस ग्रॅम आले कुठून? कायदा हे विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

घरच्या लागवडीचा आकडा ठरवताना मात्र थोडी मेहनत घ्या, इथे खरी मजा आहे. रोपं मोजा आणि मालही मोजा, फक्त दोन आकडे एकमेकांना भेटू देऊ नका. जर्मनीत रोपं तीन, पण घरात ठेवायचा वाळलेला माल पन्नास ग्रॅम. साठच्या वर गेला की थेट फौजदारी गुन्हा. आता दिव्याखाली बरं जोपासलेलं एक मादी रोप पन्नास ते शंभर ग्रॅम वाळलेलं फूल सहज देतं, उघड्यावर ऊन मिळालेलं तर त्याच्या कितीतरी पट. ओलं फूल कापून अंधाऱ्या खोलीत अठरा-वीस अंशाला दहाएक दिवस उलटं टांगायचं. बारीक देठ वाकण्याऐवजी कट्‌ असा मोडला की वाळलं. तोवर ओल्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्साच उरतो. म्हणजे टांगताना नियमांचा धाक नाही, आणि देठ मोडायला लागले त्या संध्याकाळी मालक गुन्हेगार व्हायला सुरुवात. जादाचा माल शेजाऱ्याला द्यायचा नाही, विकायचा तर नाहीच, नष्ट करायचा. चार महिने पाणी घालून वाढवलेलं फूल कोण चुलीत घालतं? पुडीवाला उभा आहेच, या खेपेला विकायला नव्हे, विकत घ्यायला.

आता कर. इथे तुमच्या अर्थखात्याची मदत होईल, त्यांना सांगावं लागत नाही. कर किमतीवर न लावता वजनावर लावा. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये वाळलेल्या फुलावर ग्रॅममागे एक डॉलर किंवा दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते, असा अबकारी कर ठेवला. हिशेब दहा डॉलर ग्रॅमच्या भावाचा होता. माल भरमसाट पिकला, भाव कोसळला, डॉलर मात्र जागचा हलला नाही. दहा टक्क्यांचा कर बघता बघता दुप्पट-तिप्पट झाला आणि परवानाधारक उत्पादक करथकबाकीत बुडाले. पुडीवाल्याच्या धंद्यावर ग्रॅममागचा कर तेव्हाही शून्य होता, आजही शून्य आहे.

वजनावरच्या कराचा आणखी एक फायदा मसुद्यात लिहू नका, तो आपोआप मिळतो. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. पाच टक्के टीएचसीच्या ग्रॅमवर जेवढा कर तेवढाच तीस टक्क्यांच्या ग्रॅमवर. मग कुठला शहाणा सौम्य माल पिकवेल? दारूवर मद्यार्काच्या प्रमाणात कर बसतो, हे कुणी बैठकीत काढलंच तर चहा मागवा.

आणि टक्क्यांवर कर लावायचा आग्रह झालाच, तर तपासणी प्रयोगशाळेकडे सोपवा आणि तिचं बिल उत्पादकालाच भरू द्या. बाकी सगळं बाजार बघून घेतो. हिशेब तसा सरळ: फुलात मुख्यतः टीएचसीए असतं, ते तापल्यावर टीएचसी होतं, म्हणून टीएचसीएला ०.८७७ नं गुणून त्यात आधीचं टीएचसी मिळवायचं. या गुणाकारात खोट काढायला जागा नाही. खोट नमुन्यात असते. नमुना उत्पादकानं स्वतः निवडून आणायचा असेल तर तो झाडाच्या शेंड्याचं, दिव्याच्या अगदी जवळचं, फुगीर फूल आणणार. थोडं जास्त वाळवून आणणार, कारण पाणी घटलं की टक्का चढतो. अगदीच कमी पडलं तर वर राळेची बारीक पूड भुरभुरणार. एवढं करूनही प्रयोगशाळेनं एकोणीस टक्के लिहिले तर पुढच्या खेपेचा नमुना सत्तावीस लिहिणाऱ्या प्रयोगशाळेकडे जातो, आणि एकोणीसवाल्या प्रामाणिक माणसाला भाडं भरता येईनासं होतं. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत लेबलवर पस्तीस टक्क्यांची फुलं दिसायला लागली ती अशी. एवढं टीएचसी फुलात क्वचितच भरतं. बुरशी आणि कीटकनाशकांच्या चाचणीतही हीच युक्ती चालते. नमुना निरीक्षकानं स्वतः गोदामातून उचलायचा, आणि बाजारातल्या पाकिटांची वरचेवर दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी करायची, असं एक कलम घातलं की हा सगळा डोलारा कोसळतो. म्हणून ते घालू नका.

बाळगण्याच्या मर्यादेचा तक्ता करताना एका रूपाचं दुसऱ्या रूपाशी समीकरण मांडावं लागतं. ते टीएचसीवर न मांडता वजनावर मांडा. कॅनडात तीस ग्रॅम फुलाची मर्यादा होती आणि एक ग्रॅम फूल म्हणजे सत्तर ग्रॅम पेय, असं धरलं होतं. म्हणजे पेयं दोन किलो शंभर ग्रॅम, नेहमीच्या आकाराचे पाच डबे. एका डब्यात जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम टीएचसी, पाचांत पन्नास. वीस टक्क्यांच्या तीस ग्रॅम फुलात मात्र सहा हजार मिलिग्रॅम. सहावा डबा घेणारा कायदा मोडत होता, खिसा भरून फूल नेणारा नव्हता. २०२२ च्या अखेरीस त्यांनी हे सुधारलं. तोपर्यंत चार वर्षं तक्ता दिमाखात उभा होता.

खाण्याच्या पदार्थांत डोस ठळक छापू नका, हेही पथ्य पाळा. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. पाऊण तासानं ‘काहीच झालं नाही’ म्हणून माणूस दुसरा तुकडा तोडतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४ साली विक्री सुरू झाली तेव्हा एका पाकिटात शंभर मिलिग्रॅम चालत होतं, एक डोस दहाचा, आणि एकाच बिस्किटात असे दहा डोस मावत होते. बिस्किटाचा दहावा तुकडा खाऊन उरलेलं डब्यात ठेवणारा माणूस नियम लिहिणाऱ्यांनी कुठे पाहिला होता कोण जाणे. पुढे प्रत्येक डोस वेगळा दिसलाच पाहिजे, असा नियम करावा लागला. कॅनडानं दुसरं टोक गाठलं, अख्ख्या पाकिटालाच दहा मिलिग्रॅम. मुलांच्या दृष्टीनं ते बरंच आहे, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. पण रोजच्या गिऱ्हाइकाला तेवढ्यात काय होणार. तो कुणाकडे जातो, हे सांगायला नको.

दुकानांच्या बाबतीत दोन मार्ग आहेत आणि दोन्ही उत्तम. एक, दुकानं द्यायचीच नाहीत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानं प्रत्यक्ष दुकानं उघडायला एप्रिल २०१९ उजाडू दिला आणि तेव्हाही सोडत काढून पंचवीसच परवाने दिले. कॅलिफोर्नियात २०१६ च्या सार्वमतानं राज्यभर गांजा कायदेशीर झाला, पण विक्री नको म्हणायचा हक्क शहरांना आणि परगण्यांना दिला. निम्म्याहून जास्त ठिकाणांनी तो वापरला. दुसरा मार्ग, कायदा करून परवाने रखडवायचे. न्यूयॉर्कनं मार्च २०२१ मध्ये कायदा केला, पहिली कायदेशीर विक्री डिसेंबर २०२२ च्या अखेरीस. मधल्या काळात बिनपरवान्याची दुकानं काचेची कपाटं आणि निऑनचे दिवे लावून हजारोंनी उघडली. पुडीवाल्याला इतकी बढती त्यानं स्वप्नातही पाहिली नसेल. थायलंडनं तर जून २०२२ मध्ये गांजा आधी अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि नियमांचा कायदा नंतर करू म्हटलं. तो झालाच नाही. २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी आली.

उरुग्वेचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला अडवेल. तिथे २०१३ चा कायदा. घरची सहा रोपं, क्लब किंवा औषधाचं दुकान यातलं एकच निवडायचं, दुकानात बोटाचा ठसा उमटवायचा, महिन्याला चाळीस ग्रॅम, आणि भाव मुद्दाम काळ्या बाजारापेक्षा कमी. धोकादायक प्रकार. पण तिथेही जुलै २०१७ मध्ये जेमतेम सोळा दुकानं विकायला तयार झाली, आणि लगेच बँकांनी त्यांची खाती बंद करायला काढली, कारण अमेरिकेच्या नियमांना बँका भ्यायल्या. यातून धडा घ्या: बँकांशी कायद्याआधी अजिबात बोलू नका.

वाहनचालकांसाठी रक्तातला आकडा ठरवा, शास्त्रीय दिसतो. टीएचसी चरबीत साठतं, त्यामुळे रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते शुद्धीवर असतानाही दिवसेंदिवस सापडतं; उलट नुकताच पदार्थ खाऊन तारवटलेल्याच्या रक्तात आकडा फारसा चढत नाही. कॅनडात मिलिलिटरला दोन आणि पाच नॅनोग्रॅम, जर्मनीत रक्तद्रवात साडेतीन. तुम्ही मधला कुठलाही धरा. रस्त्याकडेला तोल आणि नजर तपासायला पोलिसांना शिकवणं खर्चिक असतं.

जुन्या शिक्षा आपोआप पुसू नका. कॅनडानं २०१९ मध्ये माफीचा अर्ज मोफत केला, पण बोटांचे ठसे, न्यायालयाची आणि पोलिसांची कागदपत्रं ज्याची त्यानं गोळा करायची. अर्ज फारच थोडे आले. ज्याच्यावर डाग आहे त्याला परवाना मिळणार नाही, असं कलम जोडलं की धंद्याचा सगळ्यात अनुभवी माणूस कायदेशीर बाजारात पाऊलच टाकू शकत नाही.

उरला आढावा. तो घालावाच लागतो, पण आधीची मोजणी करू नका: किती जण ओढत होते, कुठल्या वयाचे, किती जण दवाखान्यात आले, पुडीचा भाव काय होता. अटकांचा आकडा तेवढा जपून ठेवा. गुन्हाच रद्द केला की अटका घटतात, त्यासाठी संशोधन लागत नाही. अहवालाची तारीख निवडणुकीनंतरची टाका आणि समितीत एक जागा करखात्याला द्या, म्हणजे पहिल्याच बैठकीत ग्रॅममागचा डॉलर वाढवायचा ठराव येईल.