सीलबंद डबे माझ्या बॅगेत कोंबू नका

नागपुरात आपण विमानाचं तिकीट काढलं की ती बातमी आपल्याआधी गावभर फिरून येते. मनीषनगरातल्या मामींना कळलं की महालातल्या काकूंना कळतं, आणि निघायच्या आदल्या रात्री ऐन जेवणाच्या वेळी बेल वाजते. दारात कोणीतरी डबा घेऊन उभं. डबा कायम सीलबंद. चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टी, वरून सुतळी, त्यावर पेनानं खरडलेला मोबाईल नंबर. "जास्त नाही जी, एवढंसंच आहे. दुबईले पोराच्या मित्राले द्याचं आहे. तो येईन घ्याले."

पोराच्या मित्राला! म्हणजे घेणारा कोण ते मला ठाऊक नाही, देणाऱ्याची ओळख मामींच्या भिशीपुरती, आणि आत काय आहे विचारलं की त्यांचंच तोंड वाकडं. "काहून जी, खायाचंच आहे नं बाप्पा! बॉम्ब थोडी आहे?"

या वाक्यानं माझं टाळकंच सरकतं. बॉम्ब नाही हे तुम्हाला माहीत. मला कुठून माहीत असणार? आणि तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का? डबा तुमच्या जावेनं दिला, जावेला तिच्या शेजारणीनं.

काउंटरवर विचारतात, बॅग स्वतः भरली का, दुसऱ्या कोणाची वस्तू घेतली आहे का. यावर आमच्या मंडळींचा सल्ला तयार: "स्वतःच भरली म्हणायचं, कोण पाहून राहिलं तिथं?" म्हणजे डबा तुमचा, खोटं मी बोलायचं आणि उद्या काही निघालं तर कोठडीतही मीच बसायचं.

हा प्रश्न कोणी टाइमपास म्हणून विचारत नाही. 17 एप्रिल 1986, लंडनचं हीथ्रो विमानतळ. एक गरोदर आयरिश बाई एल अल कंपनीच्या विमानानं तेल अवीवला निघाली होती. बॅग दिलेली कोणी, तर होणाऱ्या नवऱ्यानं, नेझार हिंदावीनं. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग सुखरूप पारही झाली. पुढे एल अलच्या माणसांनी तिला खोदून खोदून प्रश्न विचारले, बॅग रिकामी करून उचलली, तरी ती जडच लागली. तळाशी दीड किलो सेमटेक्स, म्हणजे स्फोटक! त्या बिचारीला कशाचाच पत्ता नव्हता. पोटात त्याचंच मूल, आणि त्यानं तिला पावणेचारशे माणसांसकट उडवायला काढलं होतं. हिंदावीला 45 वर्षांची शिक्षा झाली. आता सांगा, होणाऱ्या नवऱ्याच्या बॅगेची ही गत, तर तुमच्या भिशीतल्या बाईच्या डब्याचं मी काय धरून चालू?

जुनी गोष्ट म्हणाल तर 2017 मधलं सिडनी घ्या. तिथे भावांनी सख्ख्या भावाच्या सामानात मांस दळायच्या यंत्रात लपवलेला बॉम्ब ठेवला. तो अबू धाबीला निघालेला, त्याला काही सांगितलंच नव्हतं. ते सामान विमानात चढलंच नाही म्हणून निभावलं.

आणि कनिष्क तर आपलंच, एअर इंडियाचं विमान. जून 1985, व्हँकुव्हर. एम. सिंग नावानं आलेल्या माणसाचं पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, तरी बॅग थेट एअर इंडियाच्या विमानापर्यंत पाठवा म्हणून तो हुज्जत घालत राहिला. मागे रांग वाढत होती, काउंटरवरच्या बाईनं शेवटी कंटाळून टॅग लावून दिला. बॅग गेली, तो स्वतः विमानात बसलाच नाही. आयर्लंडजवळ समुद्रावर त्या बॅगेतला बॉम्ब फुटला, 329 माणसं मेली. त्याच दिवशी तशाच दुसऱ्या बॅगेनं जपानच्या नारिता विमानतळावर सामान हाताळणारे दोन कामगार मेले. तीन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमान बॉम्बनं फुटलं, 270 बळी, तिथेही बॅग विमानात आणि तिचा धनी नाही. म्हणून आता प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात. आणि तेवढ्या वेळात "एका बॅगेपायी अख्खं विमान थांबवलं" म्हणून आपलीच माणसं एअर होस्टेसवर खेकसतात.

बरं, बॉम्ब सोडा. मागे एकांनी दिलेल्या डब्यात चिवड्याखाली पॉवर बँक निघाली. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. बायकोचं नाव पुकारलं, बॅग उघडायला लावली, सगळ्यांसमोर तिच्या साड्या बाहेर. देणाऱ्या बाई फोनवर काय म्हणाल्या? "अवं, ते तर मी विसरलीच होती!" सुकं खोबरं चालत नाही, हेही कोणाच्या गावी नसतं. आणि दुबईला सावजी मसाला हवा असतो. त्यात खसखस असते, अन् तिकडे खसखशीवर बंदी आहे. पकडला तर जाणार मी, पोराचा मित्र नाही. तो तर बाहेर गाडीत एसी लावून बसलेला असेल.

जून 2025 मध्ये कोचीहून दिल्लीला निघालेलं विमान बॉम्बच्या धमकीमुळे नागपुरात उतरवलं. आत काही सापडलं नाही. त्या दिवशी हीच मंडळी टीव्हीसमोर बसून "बाप रे, सामान नीट तपासत नाहीत वाट्टे" करत होती. त्याच आठवड्यात त्यांच्यातल्याच एकांचा डबा आमच्या दारात. चिकटपट्टीसकट!

नाही म्हटलं की काय ऐकावं लागतं? "मोठा विमानानं जाणारा झाला." "दोन किलोनं काय झिजला असता?" बॅगेला वजनाची मर्यादा असते, त्यातले पाच किलो तुमच्या संत्रा बर्फीचे, मग माझे कपडे काय मी अंगावर एकावर एक चढवून जाऊ? लग्नाकार्यात टोमणे, बायकोला वेगळे टोमणे, आईला फोन करून तक्रार, की तुमचा मुलगा लय बदलला.

बदललो, बरं! आता डबा आणायचा तर उघडा आणा. माझ्यासमोर एकेक वस्तू काढून दाखवा, मग मी भरीन, माझ्या हातानं. चिकटपट्टी लावून आणलात तर मी ती तुमच्यादेखत फाडणार. राग आला तर इतवारीत कुरिअरवाले पायलीचे पन्नास बसले आहेत. ते आधार कार्ड मागतात, आत काय आहे ते लिहून घेतात, आणि त्यांच्यापुढे तुम्ही मुकाट्यानं सही करता.