कपाट नेस्बिटबाईंचं, नार्निया लुईसचंच

सी. एस. लुईसच्या 'नार्निया' या मुलांच्या पुस्तकमालेचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी हमखास म्हणतं, "लुईसचं त्यात स्वतःचं काय? नार्नियात जायचं कपाट तर आधीच्या लेखिका एडिथ नेस्बिटकडून उचललंय!" मला हे ऐकवत नाही. साम्य खरंच आहे, म्हणून तर जास्तच खटकतं.

'द ऑण्ट अँड ॲमेबेल' ही नेस्बिटची गोष्ट १९१२च्या 'द मॅजिक वर्ल्ड'मध्ये आहे. फुलं कापल्याची शिक्षा म्हणून खोलीत एकटी बसवलेली ॲमेबेल रेल्वेचं वेळापत्रक चाळते. गाडी सुटण्याचं स्टेशन कोणतं, तर पाहुण्यांच्या खोलीतलं मोठं कपाट! ती दार उघडते, तर आत कपडे नाहीतच. स्टेशनच्या आकाराची स्फटिकाची गुहा.

आता 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या नार्नियाच्या पुस्तकातली १९५० सालची लूसी बघा. फरच्या कोटांमधून ती पुढे सरकते, पायाखाली काहीतरी चुरचुरतं. डांबराच्या गोळ्या असतील असं तिला वाटतं, हात लावून बघते तर बर्फ. कोटांची मऊ फर जाऊन सुचीपर्णी झाडांच्या फांद्या टोचायला लागतात. नेस्बिट दार उघडून आपल्याला थेट दुसऱ्या जगात नेते. लुईस मात्र ते जग बोटांना, तळव्यांना हळूहळू जाणवून देतो. ही करामत त्याचीच आहे.

आणि त्याने ऋण लपवलं कुठे? नार्नियाच्याच 'द मॅजिशियन्स नेफ्यू'च्या पहिल्याच पानावर नेस्बिटच्या गोष्टींमधली बॅस्टेबल मुलं लंडनमध्ये खजिना शोधताना भेटतात. १९१६ साली लेदरहेड स्टेशनवर जॉर्ज मॅकडोनाल्ड या जुन्या लेखकाचं 'फँटास्टीस' हे पुस्तक हाती लागलं, त्याबद्दल तो जन्मभर बोलत राहिला. मॅकडोनाल्डला गुरू मानतो, हे त्याने छापून सांगितलंय. याहून उघडपणे लेखकाने काय करायचं?

शिवाय त्याची कल्पनाशक्ती उसनी नव्हतीच. लहानपणी बेलफास्टमध्ये त्याने बोलणाऱ्या प्राण्यांचा देश रचला होता. थोरल्या भावाचा देश म्हणजे इंडिया, हो, आपलाच! आगगाड्या आणि आगबोटींचा. दोन्ही देश जोडायचे म्हणून दोघा भावांनी नकाशात भारताचं चक्क बेट केलं आणि हिमालयामागून किनारा काढला. असला नकाशा काढणाऱ्या पोराला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी खरी तक्रार वाचकांबद्दल आहे. नेस्बिटचं नाव आपण फक्त लुईसला खाली खेचायला घेतो, तिला वाचत मात्र नाही. 'द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट'मध्ये (१९०६) बॅबिलोनची राणी लंडनमध्ये येऊन जो गोंधळ घालते, तो वाचल्यावर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मधली लुईसची चेटकीण जेडिस लंडनच्या रस्त्यावर बघायला दुप्पट मजा येते. नेस्बिटची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. 'ॲम्युलेट'पासून सुरुवात करा, आणि घरात मुलं असतील तर मोठ्याने वाचा.