झाकली मूठ टपालाने पाठवताना

आजोबांच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या खरेदीखतांच्या पुडक्याखाली, बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत पाडलेला एखादा मोगल रुपया आपल्याला सापडला असेल, तर आपले अभिनंदन. अकबराने 1601 मध्ये अशीरगड घेऊन खान्देशच्या फारुकी सुलतानांचे राज्य संपवल्यावर बुऱ्हाणपुरात मोगलांचे रुपये पडू लागले आणि तापीच्या खोऱ्यात फिरले, त्यामुळे खान्देशातल्या पेटीत असा रुपया निघणे यात नवल नाही. नवल पुढे घडते. तो रुपया पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या संग्राहकाला विकण्याचे ठरते आणि मग तो पाकिटात घालून रवाना करण्याची वेळ येते. वस्तू वाटेत हरवलीच, तर नाव घेण्याजोगी भरपाई पदरात पडता कामा नये, अशा बेताने ती कशी पाठवावी याचे शास्त्र आपल्याकडे चांगलेच पिकलेले आहे. ते होतकरू संग्राहकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

पहिली पायरी प्रसिद्धीची. वस्तूची किंमत सर्वांना सांगावी. जळगावच्या सराफ बाजारात जाऊन चांदीचे वजन करून आणावे आणि "चांदीची किंमत वेगळी, नाण्याची वेगळी" हे त्या सराफालाच समजावून सांगावे. पानटपरीवर सांगावे. भाचीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या कानावर जाईल इतक्या आवाजात सांगावे. व्हॉट्सअॅपच्या तीन गटांवर नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकावेत, त्याखाली सौद्याचा आकडा टाकावा आणि "मंगळवारी पाठवतोय" हेही कळवावे. एवढे झाल्यावर फक्त एकाच माणसापासून किंमत लपवावी, आणि तो म्हणजे खिडकीपलीकडे बसून पावती फाडणारा कारकून. त्याला कळले तर चोरी होईल ना!

ताकाला जाऊन भांडे लपवणे ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचा खरा अर्थ मला एका कुरियरच्या काउंटरवर समजला. मे महिन्यातली दुपार होती. माझ्या हातातल्या पाकिटात 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेला गांधीजींच्या तिकिटांचा संच होता: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, चारही न वापरलेली, मागचा डिंक शाबूत. सौदा अठ्ठावीस हजारांना ठरला होता. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "आत काय आहे, काका?" मी म्हणालो, "जुने कागद." यात खोटे काहीच नव्हते, कारण तिकिटे कागदाचीच असतात. "किंमत किती लिहू?" माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनी कान टवकारल्याचा मला भास झाला. "लिही दीडशे." "विमा?" "छे छे, तसे काही नाही त्यात." मुलाने दीडशे लिहिले, वजन 46 ग्रॅम लिहिले, आणि मी बारीक अक्षरांनी भरलेल्या त्या कागदावर चश्मा न लावता सही ठोकली. बाहेर आल्यावर विम्याचे पैसे वाचवल्याच्या आनंदात उसाचा रस प्यालो.

ते पाकीट पोहोचले नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. परंतु सांगण्यासारखी गोष्ट ती नाही. सांगण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या माणसाला मी दीडशे रुपये सांगितले होते, त्याच माणसासमोर तीन आठवड्यांनी उभा राहून मी अठ्ठावीस हजार मागत होतो, आणि माझ्या आवाजात फसवणूक झालेल्या माणसाचा संताप होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण विम्याच्या जगात कोणी ऐकलेली नाही. तेथे झाकल्या मुठीची किंमत मूठ झाकताना आपण सांगितली असेल तेवढीच.

तेव्हा सही करताना कागद वाचू नये, हा नियम कसोशीने पाळावा. आपल्या जबाबदारीची मर्यादा त्या कागदावर छापण्याचा कुरियरवाल्यांचा प्रघात आहे, आणि ती बहुधा एखाद्या चांगल्या थाळीच्या किमतीएवढी असते. माझ्या पावतीवर ती शंभर रुपये होती. पुष्कळ पावत्यांवर नाणी, नोटा, सोनेचांदी, दुर्मिळ वस्तू आम्ही स्वीकारतच नाही असेही कलम असते, म्हणजे ती खरी सांगितली तर घेत नाहीत आणि खोटी सांगून दिली तर भरून देत नाहीत. सही केलेल्या अशा मर्यादेचे बंधन सही करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगून ठेवले आहे. त्या प्रकरणात परदेशी पाठवलेले पाकीट वेळेवर पोहोचले नव्हते, नुकसान मोठे होते आणि पदरात पडले ते कागदावर छापलेले शंभर डॉलर. माझे शंभर रुपये आणि त्यांचे शंभर डॉलर यांतला फरक पाहून मला काही काळ वाईट वाटले, ते जाऊ द्या.

सरकारी टपालाकडे वळायचे असेल, तर तेथे एक गैरसोय आहे, ती आधीच सांगतो. तेथे विम्याची सोय खरोखरीच आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत किंमत जाहीर करता येते, विम्याचे शुल्क भरता येते, पाकिटाचे नेमके वजन नोंदले जाते आणि विम्याची वेगळी नोंद त्याच्यासोबत चालते. हे सगळे टाळण्यासाठी बरीच चिकाटी लागते. विमा न करता दिलेल्या वस्तूबाबत मात्र कायदा आपल्या बाजूने, म्हणजे आपल्या या शास्त्राच्या बाजूने, भक्कम उभा आहे. 1898 च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमात असे होते की वस्तू हरवली, भलत्याला दिली गेली, उशिरा पोहोचली किंवा खराब झाली, तरी सरकारने स्वतः होऊन पत्करली असेल तेवढी सोडून सरकारवर जबाबदारी नाही. इंग्रजांनी केलेले हे कलम किती सोयीचे होते ते पाहा: 2023 चा नवा टपाल कायदा आला, 18 जून 2024 पासून लागू झाला, जुना कायदा रद्द झाला, आणि तीच सवलत दहाव्या कलमात येऊन सुखरूप बसली. सव्वाशे वर्षांच्या प्रवासात गहाळ न झालेली ही एक वस्तू आहे.

विमा उतरवणाऱ्याला टपाल खात्याच्या जुन्या नियमांनुसार पाकिटाच्या जोडांवर लाखेच्या मोहरा उठवाव्या लागतात, त्या सर्वांवर एकच स्वतःची अशी खूण असावी लागते, आणि त्यासाठी चलनी नाण्याचा ठसा चालत नाही, कारण तसे नाणे कोणाच्याही खिशात असते. हे वाचून आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर फार हिरमुसले. त्यांनी लाख वितळवून रुपयाचा ठसा सुबकपणे उठवला होता. शेवटी त्यांनी चिकटपट्टीचा आख्खा गुंडाळा पाकिटाभोवती फिरवला आणि आत तिकिटे साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली. आपणही असेच करावे. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की न वापरलेल्या तिकिटाचा डिंक प्लास्टिकला आपण होऊन चिकटतो, आणि पाकीट सुखरूप पोहोचले तरी तिकिटाची किंमत वाटेतच उतरते. बांधणी अपुरी होती या कारणाने झालेले नुकसान विमेवाले देत नाहीत, त्यामुळे विमा घेऊनही तो निकामी करण्याचा हा सोपा मार्ग आहे. रावेर-यावलकडे केळीच्या फण्या खोक्यात भरताना मध्ये फोम घालतात, पण केळी ही नाशवंत वस्तू आहे. पाऊणशे वर्षे टिकलेल्या तिकिटाला कशाला हवा फोम?

पत्त्यावर पिनकोड लिहू नये. ही सहा आकड्यांची युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, आणि ती 15 ऑगस्ट 1972 पासून लागू आहे, एवढा अभिमान बाळगावा आणि तेथेच थांबावे. नुसते "जळगाव" लिहिले की पाकिटाला 425001 आणि बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद, म्हणजे 443402, या दोहोंपैकी हवे ते निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते.

आता ज्यांना विमा काढल्याशिवाय झोप येत नाही त्यांच्यासाठी. विमा कंपनीकडून वाहतुकीचा विमा काढता येतो आणि देशांतर्गत रेल्वे-रस्ता वाहतुकीसाठी त्यात ए, बी आणि सी अशी तीन प्रकारची कलमे असतात. ए मध्ये वगळलेली कारणे सोडून बाकी सगळे धोके येतात. बी मध्ये आग, अपघात, गाडी उलटणे अशी नावानिशी सांगितलेली कारणे येतात. सी मध्ये आग आणि वीज एवढेच येते, आणि अर्थातच तो सर्वांत स्वस्त असतो. आपण सी घ्यावा. मग आपले पाकीट कोणी पळवले किंवा ते पोत्यातून पडले तर काही मिळणार नाही, परंतु नेमकी त्या 46 ग्रॅमच्या पाकिटावर वीज कोसळली तर विमा कंपनीची धडगत नाही. आपल्या केळी उत्पादकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बागेत काय झाले यापेक्षा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने काय नोंदले याला महत्त्व असते, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला कलमाची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागते. संग्राहक मात्र अजून त्या इयत्तेत पोहोचलेला नाही. चार तिकिटांच्या संचातले एक हरवले तर पुष्कळ पॉलिसींत त्या एकाचीच किंमत धरतात, संच मोडल्याने उरलेल्या तिघांची उतरलेली किंमत धरत नाहीत, हे त्याला दहा रुपयांचे तिकीट हरवल्यावर कळते.

नुकसान कोणाचे, विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, हा प्रश्न आधी उपस्थित करून मैत्रीत वितुष्ट आणू नये. तो नंतर आपोआप उपस्थित होतो. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 39 व्या कलमानुसार वाहतूकदाराच्या हाती माल दिला की तो सकृद्दर्शनी घेणाऱ्याला दिल्यासारखाच असतो, हे वाचून विकणाऱ्याने निश्चिंत व्हावे. त्याच कलमाचा पुढचा भाग वाचू नये. तेथे असे आहे की मालाचे स्वरूप पाहता वाहतूकदाराशी जसा वाजवी करार करायला हवा तसा विकणाऱ्याने केला नसेल आणि माल हरवला, तर घेणारा म्हणू शकतो की मला माल मिळालेलाच नाही. अठ्ठावीस हजारांची तिकिटे दीडशेची सांगून पाठवणे हा वाजवी करार आहे का, यावर माझ्या पुण्याच्या ग्राहकाने मला फोनवरून बराच वेळ ऐकवले.

पाकीट हरवल्याची शंका आल्यावर घाई करू नये. पावतीवरचा तेरा चिन्हांचा क्रमांक मोबाइलमध्ये टाकून दिवसातून आठ वेळा तीच ओळ वाचावी. लेखी तक्रार देऊ नये, कारण लेखी तक्रारीची पोच मिळते, तारीख पडते आणि मुदतीत तक्रार केल्याचे सिद्ध होते. वाहतूकदाराकडून माल न मिळाल्याचे प्रमाणपत्र मागू नये. विमा असेल तर वाहतूकदारावर मुदतीत लेखी दावा लावणे हे विमेदाराचेच काम असते, कारण पुढे तो हक्क विमा कंपनीला वसुलीसाठी लागतो. तेव्हा हे काम विसरलेच पाहिजे. त्याऐवजी ओळखीच्या पोस्टमनला रस्त्यात अडवावे, एखाद्या माजी नगरसेवकाला फोन लावायला सांगावे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून देश कुठे चालला आहे यावर बोलावे. कोणीतरी वडीलधारा "काही व्हत नही, भाऊ, यी जाई" असे म्हणतो, आणि त्या भरवशावर मुदत निघून जाते.

पावतीचे काय करायचे हे सांगायचे राहिले. ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवावी. उष्णतेवर छापणाऱ्या यंत्राचा तो कागद उन्हात तापला की आधी करडा आणि मग काळा पडतो. माझी पावती दाव्याच्या दिवशी मी काउंटरवर ठेवली तेव्हा तिच्यावर एकच आकडा कसाबसा वाचता येत होता, आणि तो दीडशेचा होता.

एवढे सगळे करूनही स्पीड पोस्टाने पाठवलेले, विमा नसलेले आपले पाकीट हरवले आणि कोणा उत्साही मुलाने आपल्या वतीने मुदतीत तक्रार केलीच, तर निराश होऊ नये. वर्षानुवर्षे चालत आलेला हिशोब असा की भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. दुप्पट म्हणजे बरोबर आणखी दोन स्पीड पोस्टांचे पैसे. पेटीत अजून दोन रुपये शिल्लक असतील, तर तेही पाठवून देता येतात.