कौशल्याचा मुद्दा आता चालत नाही

फँटसी क्रिकेट (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवून पैसे लावायचे) हा कौशल्याचा खेळ, म्हणून कायदेशीर, असं एका लेखात म्हटलंय. ते जुनं झालं. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ड्रीम इलेव्हन या फँटसी अ‍ॅपबाबत तसा निकाल दिला होता खरा, पण 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. जिंकून पैसे मिळतील या आशेवर पैसे भरायचे, की झाला मनी गेम. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, भाऊ. नागपूरच्या जामठ्याला मॅच असो की दुबईला, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयडी' (सट्ट्याच्या साइटचं लॉगिन) वाटणारे पैसे घेतात ते भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नावावरच्या बँक खात्यांवर. जिंकलेली रक्कमही तशाच खात्यातून येते आणि त्यात कुणाला तरी फसवून काढलेले पैसे मिसळलेले असू शकतात. त्या फसलेल्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की साखळीतली खाती गोठतात. तक्रार केरळात, अडकतं नागपुरात सीताबर्डीच्या शाखेतलं पगाराचं खातं! अशा वेळी शाखेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी घ्या. मग तपास अधिकाऱ्याला स्टेटमेंट जोडून ईमेल करा: 4 हजारांचा वाद असेल तर होल्डही (पैसे अडकवून ठेवणं) तेवढ्यावरच ठेवा, अख्ख्या खात्यावर नको. 'होल्ड काढून देतो' म्हणणारे एजंट हा दुसरा सापळा.

शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आहेच. त्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही.