पगारदारांच्या कादंबऱ्या

नमस्कार. डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यातली जुलमी राजवट रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. 'धन्यवाद, विचार करतो' असं लिहून सुटता आलं असतं, पण मुद्दे तसे सोडून देण्यासारखे नाहीत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो: 1984 साल येऊन गेलं आणि भाकितं फसली. ही सगळी पुस्तकं म्हणजे पाश्चात्त्यांचा कम्युनिस्टविरोधी प्रचार. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे भोगलं, तेच गोऱ्या मध्यमवर्गावर आलंय अशी नुसती कल्पना केली की तिला 'इशारा' म्हणून डोक्यावर घेतात. आणि जाता जाता: शेवट सगळे पराभवाचे, वाचून हातपाय गळतात.

भाकिताचं पटकन उरकतो. ऑर्वेल पंचांग उघडून बसला नव्हता. त्याची '1984' ही कादंबरी 1949 च्या जूनमध्ये आली आणि त्याच महिन्यात त्यानं खुलासा केला, की असं होईलच असं मी म्हणत नाही, याच्यासारखं काहीतरी होऊ शकतं. समाजवादावर हा हल्ला नाही, हेही त्यानं तेव्हाच सांगून टाकलं होतं.

प्रचाराच्या मुद्द्यात तथ्य आहे. ऑर्वेलच्याच 'अ‍ॅनिमल फार्म'वरच्या 1954 च्या कार्टूनपटाला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा पैसा होता आणि शेवटही सोयीनं बदलला होता. पण पुस्तक कोणी वापरलं यावरून ते कशातून आलं हे ठरत नाही. या परंपरेतली पहिली मोठी कादंबरी, 'वी' (म्हणजे 'आम्ही'), लिहिणारा झाम्यातिन रशियन होता. तरुणपणी बोल्शेविक, झारच्या तुरुंगात जाऊन आलेला. पेशानं जहाजांचा इंजिनियर. 1916-17 मध्ये तो इंग्लंडात न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेत होता. त्याच्या कादंबरीतली माणसं ठरल्या मिनिटाला उठतात, एकाच वेळी चमचा तोंडात घालतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. हे घड्याळ काही मॉस्कोहून आलेलं नाही. त्या राज्यात पुरातन काळातला थोर प्रतिभावंत म्हणून ज्याला मान आहे तो टेलर, म्हणजे अमेरिकी कारखान्यांत मजुरांच्या हालचाली सेकंदांत मोजणारा. (आणि प्राचीन साहित्यातली सर्वश्रेष्ठ कृती कोणती? रेल्वेचं वेळापत्रक. मुंबईकरांनी यावर भाष्य करू नये.) कादंबरी 1924 साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली, खुद्द सोव्हिएत रशियात छापायला 1988 उजाडलं. झोंबली तिकडे, हे खरंच. पण साहित्य दोन्हीकडून गोळा केलेलं होतं.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. तुम्ही डॉ. आंबेडकरांचा दाखला दिलात. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या 1936 च्या, आयोजकांनी होऊच न दिलेल्या भाषणात त्यांनी पेशव्यांच्या पुण्याचं वर्णन केलंय: अस्पृश्यानं गळ्यात मडकं अडकवायचं, कमरेला झाडू बांधायचा, सावली पडू द्यायची नाही. याच्यापुढे कुठली कादंबरी काय कल्पना करणार, असा तुमचा सवाल. बिनतोड आहे. बायकांना दासी करून ठेवणाऱ्या राजवटीवरच्या मार्गारेट अ‍ॅटवूडच्या 'हँडमेड्स टेल' या कादंबरीबद्दल अमेरिकेतही हेच म्हटलं गेलं. वाचायला बंदी, पोटची पोरं हिरावून घेणं, मालकाच्या नावानं ओळखलं जाणं, हे सगळं तिथल्या गुलाम काळ्या स्त्रियांनी आधीच सोसलेलं होतं. अ‍ॅटवूडबाईंनी तर मुळात नियमच केला होता, की माणसांनी कुठे ना कुठे प्रत्यक्ष केलेलं नाही असं काही या पुस्तकात घालायचं नाही.

मग कादंबरी कशाला? तर या पुस्तकांचे नायक कोण आहेत ते बघा. झाम्यातिनचा नायक सरकारी अग्निबाणाचा इंजिनियर. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट 451'चा नायक माँटॅग पुस्तकं जाळणाऱ्या खात्यात नोकरीला. अंगाला रॉकेलचा वास येतो, पण त्याला तो अत्तरासारखा वाटतो. ऑर्वेलचा विन्स्टन सत्य खात्यातला कारकून. सगळे पगारी. सगळ्यांत जास्त दडपलेली माणसं यांत बहुतेक कडेलाच राहतात, ही तुमची तक्रार खरी आहे, आणि मला वाटतं या कादंबऱ्यांचं कामही तिथेच सुरू होतं.

विन्स्टनचंच बघा. चॉकलेटचं रेशन यंदा कमी होणार नाही, असं सरकारनं वचन दिलेलं असतं. ते तीस ग्रॅमचं वीस होणार, म्हणून वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात विन्स्टन मूळ वचनाच्या जागी 'बहुधा एप्रिलमध्ये कपात करावी लागेल' असा मजकूर बसवतो. मूळ कागद चुरगाळून भट्टीच्या भोकात टाकतो. आणि कपात जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घोषणा होते: रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी आभाराचे मोर्चे काढले! याची आपल्याकडे टिंगल होते, तीही त्या थापेवर विश्वास ठेवणाऱ्यांची. पण त्याआधीचं एक साधं वाक्य आपण वाचून पुढे जातो. विन्स्टनला आयुष्यात सर्वांत जास्त आनंद त्याच्या कामात मिळतो. खोटं बेमालूम बसवण्यात तो पटाईत आहे आणि अवघड केस आली की गणित सोडवावं तसा रंगून जातो. मनातून त्याला राजवटीचा तिटकारा आहे, आणि काम एक नंबर.

हे ऑर्वेलला कुठून सुचलं असेल? तो स्वतः ब्रह्मदेशात साम्राज्याचा पोलीस अधिकारी होता. युद्धकाळात दोन वर्षं बीबीसीवरून हिंदुस्थानसाठी सेन्सॉर झालेले कार्यक्रम करत होता. बायको आयलीन काही काळ सेन्सॉर खात्यातच होती.

पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे, कागद आहेत. त्यांत हुकूम सापडतील, जमाखर्च सापडेल. ते सुवाच्य मोडीत उतरवून घेणाऱ्याला रात्री झोप लागत होती का, हे त्यांत कुठून सापडणार? भोगणाऱ्यांनी आपली बाजू लिहिली, आणि ती आधी वाचायला हवी, यात वाद नाही. पण राबवणाऱ्याचं मन, तेही राक्षसाचं नव्हे, हप्ते भरणाऱ्या भल्या माणसाचं, आतून दाखवायला ही कादंबरी लागते. आणि ती मध्यमवर्गालाच उद्देशून आहे, कारण यंत्र त्याच्याच हातांनी चालतं.

'हँडमेड्स टेल'मधला एक प्रसंग म्हणून मला त्यातल्या फाशी दिलेल्यांची प्रेतं टांगायच्या भिंतीपेक्षा भयंकर वाटतो. नायिका सिगारेट घ्यायला जाते, कार्ड चालत नाही. त्याच दिवशी लायब्ररीतली नोकरी जाते. बायकांची सगळी खाती गोठवलेली असतात, पैसे आता नवऱ्याच्या ताब्यात. नवरा, ल्यूक, प्रेमळ आहे. तो तिला जवळ घेतो आणि सांगतो, मी तुला कधी काही कमी पडू देणार नाही. रात्री तिच्या लक्षात येतं, की याला हे फारसं खुपलेलं नाही. कदाचित बरंही वाटलं असेल. ल्यूकनं कायदा केलेला नाही, कोणाला मारलेलं नाही.

हातपाय गळण्याबद्दल एवढंच, की याच कादंबरीची शेवटची पानं पुन्हा वाचा. साल 2195. राजवट कधीच संपली आहे, आणि नायिकेनं ध्वनिमुद्रित केलेल्या कहाणीवर एक प्राध्यापक परिषदेत बोलतोय. विनोद करतो, सभागृह हसतं. त्या लोकांवर नैतिक निवाडा देताना आपण जपून असावं, असं सांगतो आणि टाळ्या घेतो. या बाईनं हे सगळं सांगण्याऐवजी ती ज्याच्या घरी दासी होती त्या साहेबांच्या कॉम्प्युटरमधली वीस पानं ठेवली असती तर किती बरं झालं असतं, अशी हळहळही व्यक्त करतो. हाही पगारदारच. मला तिथे निराशा नाही आली, संताप आला. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.