एक लाइन गेली तरी दुसरी आहेच!

ऑफिसचं नेट सारखं जातं? मग दुसरी लाइन घ्याच. मात्र कंपनीचं नाव वेगळं आहे एवढंच बघा, बाकी चौकशी नको. दोन्ही फायबर रस्त्याखालच्या एकाच पाइपातून येत असतील तर सोन्याहून पिवळं: रस्ता खोदणाऱ्या जेसीबीलाही दोनदा खेप नको. दोन्ही कंपन्या मागे एकाच बड्या कंपनीची बँडविड्थ विकतात का, हेही विचारू नका. बिलं दोन येतात ना? मग लाइनीही दोनच.

आता मायक्रोटिकचा राउटर आणा. पहिल्या लाइनीच्या डीफॉल्ट राउटला (म्हणजे बाहेर जायच्या नेहमीच्या वाटेला) डिस्टन्स १, दुसरीला २ (कमी आकड्याची वाट आधी), आणि चेक-गेटवेसमोर ‘पिंग’ निवडा. झालं फेलओव्हर, म्हणजे एक पडली की आपोआप दुसरी! राउटर दर १० सेकंदांनी गेटवेला, म्हणजे त्या लाइनीच्या पहिल्या दाराला, हाक मारणार (हेच ते पिंग), लागोपाठ दोनदा ओ आली नाही की तो राउट बाद. आता तुमच्याकडचा गेटवे म्हणजे बहुधा भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो डबा, राउटरपासून दीड हातावर. चौकात फायबर तुटलेली, डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय, पण डबा मोठा आज्ञाधारक, हाकेला ओ देतोच. गावात पूर आलाय का, ते माजघरात हाक मारून ठरवावं, तसं हे. ऑफिस ठप्प, राउटर मात्र निश्चिंत.

एखादा शहाणा सांगेल, डब्याला काय विचारता, लांबच्या ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, विचारा. जरूर विचारा. राउटरच्या नेटवॉचमध्ये (पत्त्यावर नजर ठेवायची सोय) तो पत्ता टाका, लाइन बदलणारी स्क्रिप्ट जोडा. पण हे पिंग पहिल्याच लाइनीतून जावं म्हणून वेगळा राउट बांधायच्या भानगडीत पडू नका. मग गंमत बघा. पहिली लाइन पडते, स्क्रिप्ट दुसरीवर नेते, आता पिंगही दुसरीतूनच जातं आणि उत्तर येतं. ‘अरे, पहिली आली की!’ म्हणून राउटर परत पहिलीवर. तिथे सामसूम. परत दुसरीवर. दिवसभर अशी ये-जा चालली की यंत्रणा किती जागरूक आहे, हे साहेबांना वेगळं सांगावं लागत नाही.

आणि तो राउट बांधलाच, तर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणूनही ८.८.८.८ च ठेवा. पहिली लाइन गेली की फेलओव्हर अगदी बिनचूक होईल, फक्त एकही वेबसाइट उघडणार नाही. नावाचा पत्ता विचारणारी प्रत्येक विचारणा तुम्हीच मेलेल्या लाइनीला बांधून ठेवली आहे ना!

बँकेकडे नोंदवलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, पहिल्याच लाइनीचा असू द्या. राउटर यूपीएसवर, ओएनटी साध्या प्लगवर. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही, सगळीकडे असंच असतं.

चाचणी? भरल्या ऑफिसात चालत्या लाइनीची वायर उपसणं, हे शोभतं का? साहेबांनी हट्टच धरला, तर राउटरच्या पोर्टातली वायर काढून दाखवा. पोर्टच मेलं की राउट लगेच बाद होतो, दुसरी लाइन धरली जाते, टाळ्या पडतात. ओएनटीत खोचलेली हिरव्या टोकाची फायबर मात्र उपसू नका. खरी लाइन जाते ती तशी, म्हणजे वायर जागेवर आणि पलीकडे काही नाही. ते बघायला पाहुण्यांसमोर कशाला बसायचं?

इतकं करूनही चुकून सगळं नीट जमलंच, तर निदान लाइन पडल्याचा निरोप कोणाला जाणार नाही, याची काळजी घ्या. मग पहिली लाइन एखाद्या रात्री गपचूप पडेल, दुसरी तितक्याच गपचूप काम उचलेल, आणि ती पडेपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. पहिलीचं बिल तेवढं ऑटो-डेबिटला लावून ठेवा. त्यात कधी खंड पडत नाही.